पत्त्यांची साखळी की नदीचा पट?

हवामानबदल मुलांना गटाने खेळत समजावा, यासाठी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळांपुढे दोन पर्याय आहेत. पहिला ‘क्लायमेट फ्रेस्क’. 2015 साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या या खेळात आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक तज्ज्ञ मंडळाच्या अहवालांवर आधारलेले 42 पत्ते गटाने चर्चा करून कारण-परिणामांच्या क्रमाने लावायचे असतात. त्यातून शास्त्र पक्के होते. मात्र सुमारे तीन तास आणि जाणता मार्गदर्शक लागतो.

दुसरा पर्याय म्हणजे कणकुंबीच्या उगमापासून सौंदत्तीच्या धरणापर्यंतची मलप्रभा नदी फरशीवर खडूने काढून, पाणी म्हणून मोजके चिंचोके भात, ऊस आणि पिण्यासाठी वाटून घेणे. सातवीच्या वर्गात वरच्या गावाच्या गटाने मूठभर चिंचोके उचलले, तेव्हा सौंदत्तीच्या गटातली मुलगी रिकामी वाटी पुढे धरून नुसती उभी राहिली, आणि कोणी न सांगता मुलांनी वाटणी पुन्हा केली. ऑगस्ट 2019 चा पूर घरोघरी आठवणीत असल्याने पुराची फेरीही त्यांना लगेच उमगते. कार्बन डायऑक्साइडने हवा का तापते, हे मात्र या पटावर कळत नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

तरीही सातवीपर्यंत मी नदीचा पटच निवडेन. पत्ते नववीला द्यावेत.