शून्य व्होल्ट दाखवून बदललेले सेल

ग्रिडची जोडणी नसलेल्या सौर यंत्रणेतील लिथियम बॅटरी पार उतरली की तिच्या टर्मिनलवर मल्टिमीटर शून्य किंवा जेमतेम दोन-चार व्होल्ट दाखवतो. हा आकडा खरा असतो; त्यावरून ‘बॅटरी मेली’ असा काढलेला निष्कर्ष मात्र बरेचदा खरा नसतो. आमच्या बाबतीत याच आकड्याच्या आधारे बॅटरीतील चांगले सेल काढून घेण्यात आले, त्यांच्या जागी वापरलेले सेल बसवण्यात आले आणि वर बॅटरी ‘जिवंत केल्याचे’ पैसेही घेण्यात आले. ही युक्ती कशी चालते, हे इतरांना ठाऊक असावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची, एकसर जोडलेल्या १६ सेलची, ५१.२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तास क्षमतेची आहे. सलग ढगाळ हवामानामुळे पॅनेलकडून पुरेशी वीज येईना, इन्व्हर्टर मात्र स्वतः चालू राहण्यापुरती वीज रात्रंदिवस ओढत राहिला आणि अखेर सगळेच बंद पडले. त्याच्या थोडे आधी बीएमएसच्या (बॅटरीतील प्रत्येक सेलवर लक्ष ठेवून गरज पडल्यास जोडणी तोडणाऱ्या सर्किटच्या) ॲपचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये घेतलेला होता. त्यात सर्वांत खालचा सेल २.५१ व्होल्टवर आणि सर्वांत वरचा २.७८ व्होल्टवर दिसतो. म्हणजे सेल रिकामे झाले होते, खराब झाले नव्हते. त्यांना आणखी खाली जाऊ न देण्यासाठी बीएमएसने टर्मिनलशी असलेला संबंध तोडला, आणि म्हणूनच मीटरवर शून्य दिसू लागले. पुढे ऊन पडूनही चार्जिंग सुरू झाले नाही, कारण पॅनेलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या बहुतेक चार्ज कंट्रोलरना काम सुरू करण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज दिसावा लागतो.

बोलावलेल्या तंत्रज्ञाने पेटी उघडलीच नाही. त्याने बाहेरूनच मीटर लावला, शून्य दाखवले आणि ‘साहेब, काही सेल पूर्ण बसलेत, दुकानात नेऊन पल्स द्यावे लागतील, जे उठणार नाहीत ते बदलावे लागतील’ असे सांगितले. पल्स देण्याचा उपाय शिसे-आम्ल बॅटरीच्या प्लेटवर साचलेले सल्फेट मोडण्यासाठी सांगितला जातो. लिथियम सेलमध्ये सल्फेट नसतेच, त्यामुळे तेथे त्याला काही अर्थ नाही. लिथियमच्या बाबतीत जो पल्सची भाषा करतो, त्याच्या हाती बॅटरी देण्यापूर्वी थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅटरी परत आली तेव्हा त्याने पुन्हा मीटर लावून ५३.२ व्होल्ट दाखवले आणि तीन सेल बदलल्याचे सांगितले. हाही आकडा खराच होता आणि तितकाच निरुपयोगी. या प्रकारच्या सेलचा व्होल्टेज चार्जच्या मोठ्या टप्प्यात ३.२ ते ३.३ च्या आसपासच रेंगाळतो, आणि झिजून एक तृतीयांश क्षमता उरलेला सेलही पूर्ण चार्ज केल्यावर नव्या सेलइतकाच व्होल्टेज दाखवतो. व्होल्टेजवरून क्षमता कळत नाही. ती कळण्यासाठी बॅटरी पूर्ण भरून, ठरावीक भार लावून रिकामी करावी लागते.

बॅटरी लवकर संपून रात्री घरात अंधार होऊ लागल्यावर तशी चाचणी घेतली. २० अँपिअरच्या भारावर सुमारे पाच तास चालायला हवी असलेली बॅटरी दोन तासांच्या आत बंद पडली. त्या क्षणी ॲपवर तेरा सेल ३.२ व्होल्टच्या पुढे होते आणि तीन सेल २.५ वर आपटले होते. सेल एकसर जोडलेले असल्याने सर्वांत दुबळा सेल जिथे संपतो तिथे अख्खी बॅटरी संपते. पेटी उघडल्यावर उरलेले कळले: त्या तिघांवरचे निळे वेष्टन कोरे करकरीत होते, वरच्या बाजूचा क्यूआर कोड खरवडून काढलेला होता आणि टर्मिनलवर, जुना बसबार (सेल एकमेकांना जोडणारी धातूची पट्टी) वेल्डिंगसह उपटून नंतर घासून सपाट केल्याच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. बाकीच्या तेरा सेलवरचे कोड एकाच मालिकेतले आणि शाबूत होते. काढलेले सेल परत मागितले, तेव्हा ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. पेटीचे सील बाहेरच्या माणसाने तोडल्यामुळे वॉरंटीही गेली.

मुळात त्या बॅटरीला लिथियमसाठी असलेला, झोपलेल्या बीएमएसला जागे करणारा चार्जर आणि सुरुवातीला कमी करंट, एवढेच पुरेसे होते. १०० अँपिअर-तासांच्या सेलला ५ अँपिअर किंवा त्याहून कमी करंट देत, तो तापत किंवा फुगत नाही ना हे पाहत, ३ व्होल्टपर्यंत आणावे आणि मगच नेहमीचे चार्जिंग सुरू करावे. बीएमएसला वळसा घालून मोठा करंट ढकलणे किंवा भरलेली दुसरी बॅटरी थेट जोडणे धोक्याचे आहे. सेल २ व्होल्टच्या बराच खाली दीर्घकाळ पडून राहिला असेल तर गोष्ट वेगळी. आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातील तांबे विरघळते, चार्ज करताना नको तिथे जमा होते आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा सेल वर आलेला दिसला तरी एक-दोन दिवस नुसता ठेवून त्याचा व्होल्टेज शेजारच्या सेलपेक्षा घसरतो का, हे पाहावे. फुगलेला सेल तर वाचवण्याच्या भानगडीतच पडू नये.

बॅटरी दुरुस्तीला देणे भागच असेल, तर पेटी आपल्यासमोर उघडायला लावावी, प्रत्येक सेलचा व्होल्टेज स्वतंत्रपणे मोजून घ्यावा आणि सर्व कोडचे फोटो काढल्याशिवाय ती हलवू देऊ नये. बदललेले सेल परत मिळतील आणि क्षमता चाचणीचा निकाल अँपिअर-तासांत मिळेल, हे आधीच लिहून घ्यावे. या अटी ऐकून समोरचा कुरकुरू लागला, तर त्यातच पुष्कळ काही कळते.

आमच्या मूळ तेरा सेलची क्षमता नंतर एकेक करून मोजली; सगळे ९० अँपिअर-तासांच्या पुढे भरले. तीन नवे सेल आणून, सर्व सोळा सेल समांतर जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत एकसारखे भरले आणि बॅटरी पुन्हा बांधली. इन्व्हर्टरची बंद होण्याची मर्यादा शिसे-आम्ल बॅटरीसाठीच्या ४२ व्होल्टवर होती, ती आता ४८ वर नेली आहे, म्हणजे बीएमएसवर तोडण्याची वेळ येण्यापूर्वीच भार सुटतो.