टॉनिक न देणारे बालरोगतज्ज्ञ, विश्रामबाग

लेक दीड वर्षाची, अंगाने किरकोळ. 'पोरगी बाळसं धरेना' म्हणत सासूबाईंनी टॉनिकचा लकडा लावलेला. सांगलीतल्या या दवाखान्यात गर्दी जबर, गाडी लावायला जागा नाही. पण डॉक्टर घाई करत नाहीत. वजन-उंची मोजून तक्त्यावर ठिपके मांडले. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात २ ते २.५ किलोच वाढतं. रेष वर चाललीय, शेजारच्या बाळाशी तुलना कशाला, म्हणाले. टॉनिक नाहीच! उलट दूध किती पिते ते विचारलं. फार दुधाने भूक मरते, लोह कमी पडतं. दिवसाला अर्धा लिटर पुरे. नाचणी, डाळ, अंडं वाढवा. सासूबाईंना पटलं, पण बाळगुटी उगाळणं सुरूच आहे.