केबलचा एचडी बॉक्स: चित्र झकास, आवाज लहरी

"सर, बॉक्स बदलावा लागेल, पंधराशे रुपये." कस्टमर केअरच्या मुलीनं मागे एकदा हे असं सांगितलं की जणू कढीपत्ता संपलाय, येताना घेऊन या. बॉक्स व्यवस्थित चालू होता, चित्र दिसत होतं, बातम्यांचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जात होता. आवाज नव्हता तो फक्त एचडी चॅनलला. तेवढ्यासाठी पंधराशे? मी फोन ठेवला आणि बॉक्सच्या मेनूत शिरलो. म्हणून आज हे लिहायला बसलोय.

बॉक्स गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे आहे, सांगलीत. केबलवाल्यानं दिला तोच, एचडी. बाकी माहिती सगळ्यांना असते, ती परत लिहीत नाही. चित्राबद्दल तक्रार शून्य. क्रिकेट बघताना गवत वेगळं दिसतं. मेनू सुस्त आहे, चॅनलचा नंबर दाबला की क्षणभर काळं होतं, पण त्याची सवय होते. रिमोटला टीव्हीचं व्हॉल्यूम शिकवता येतं, ही खरी सोय. त्यामुळे आईच्या हातात एकच रिमोट राहतो.

पण आवाज! लाइट जाऊन आली की एचडी चॅनल मुके. आईची मालिका साडेसातला, आणि आमच्याकडे लाइट जायची वेळही साधारण तीच. पडद्यावर सासू तोंड उघडतेय, बोटं नाचवतेय, आवाज नाही. खाली साधं चॅनल लावलं की खणखणीत आवाज. आई म्हणायची, "एचडीवाल्यांनी आवाजाचे वेगळे पैसे लावलेत काय रे?" 2019 च्या फेब्रुवारीत 130 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे असं केबलच्या नेटवर्कचं मासिक शुल्क सुरू झालं, तेव्हापासून केबलच्या बाबतीत तिला काहीही खरं वाटतं. मलाही.

टीव्हीवाल्या मेकॅनिकला बोलावलं तर तो म्हणाला बॉक्स खराब. केबलचा मुलगा आला तो म्हणाला, "काका, टीव्हीतच प्रॉब्लेम आहे." त्यानं बॉक्स टीव्हीला जोडणारी एचडीएमआय वायर बदलली, फॅक्टरी रीसेट मारला, आवाज आला, 250 रुपये घेतले आणि गेला. रीसेटमध्ये माझी आवडत्या चॅनलची यादी पुसली गेली ती गेलीच. पुढच्या वेळी लाइट गेली आणि आवाजही गेला. म्हणजे वायरचा काही संबंध नव्हता. जुनी वायर मी ठेवून घेतली होती, आजही तीच लावलेली आहे आणि उत्तम चालते.

आता खरं कारण. साध्या चॅनलचा आवाज बहुतेक वेळा एमपीईजी नावाच्या पद्धतीनं बांधून आलेला असतो, तो बॉक्स स्वतः उलगडतो आणि टीव्हीला तयार देतो. एचडी चॅनलचा आवाज बऱ्याचदा डॉल्बी नावाच्या दुसऱ्या पद्धतीनं बांधून येतो. मेनूत ऑडिओ आउटपुट म्हणून एक ओळ असते. तिथे पीसीएम (म्हणजे उलगडलेला तयार आवाज) निवडलं तर बॉक्स डॉल्बीही उलगडून देतो. बिटस्ट्रीम निवडलं (काही बॉक्सवर रॉ, पास-थ्रू किंवा नुसतं डॉल्बी लिहिलेलं असतं) तर तो आवाज बांधलेलाच पुढे सरकवतो, उलगडायचं काम टीव्हीचं. आमचा 32 इंची टीव्ही जुना आहे, त्याला एचडीएमआयवरून डॉल्बी कळत नाही. मग तो गप्प बसतो. यात बॉक्स बिघडलेला नाही, टीव्हीही बिघडलेला नाही. दोघांचं आपसात ठरलेलं नाही, एवढंच.

आमच्याकडे ते 'ऑटो'वर होतं. ऑटो म्हणजे बॉक्सनं टीव्हीला विचारायचं, तुला काय काय झेपतं? एचडीएमआयमधून टीव्ही ते सांगतोही. पण लाइट आल्यावर दोघं एकदम उठतात, टीव्ही अजून झोपेत असताना हा विचारून मोकळा होतो, आणि उत्तर मिळालं नाही की आपल्या मनानं डॉल्बी धरतो. निदान आमच्याकडचं वागणं तरी असंच होतं, कारण टीव्ही चालू ठेवून एचडीएमआयची पिन काढून परत खोचली की आवाज हजर.

खात्री करायची असेल तर एक सोपी खूण आहे, जी ना त्या मुलीनं सांगितली ना त्या मुलानं. मुक्या चॅनलवर टीव्हीचा नव्हे, बॉक्सचा आवाज वाढवा. पट्टी पुढे सरकते पण कुठेच काही होत नाही. मग एचडीएमआय काढून जुनी पिवळी-पांढरी-लाल वायर लावा. लगेच आवाज आला तर नव्याण्णव टक्के हाच घोळ, कारण त्या वायरला बॉक्सला आवाज उलगडूनच द्यावा लागतो. ती वायर रद्दीत टाकू नका. पांढरी आणि लाल उलटसुलट लागली तर डावं-उजवं बदलेल, बिघडणार काही नाही. एक सैल असेल तर मात्र एकाच बाजूनं आवाज येतो.

तर मी पीसीएम केलं आणि सगळं सुरळीत झालं. इथंच हे लिखाण संपलं असतं आणि बॉक्सला चार तारे मिळाले असते. पण लाइट जाऊन आली की हा पठ्ठ्या परत ऑटोवर! तारीख विसरला तर समजू शकतो, चॅनलची यादी मात्र लक्षात राहते, पॅक संपल्याची पाटी लक्षात राहते, नेमका आवाजच विसरतो. यावरून मी घरात इतकं बोललो की बायकोनं मला म्यूट करायचं बटण शोधायला सुरुवात केली. इन्व्हर्टरवर बॉक्स टाकायचा विचार आला होता, पण आवाजासाठी बॅटरी जाळायची म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला.

मध्यंतरी एका रात्री बॉक्सनं स्वतःहून सॉफ्टवेअर अपडेट घेतलं. त्यानंतर पीसीएम टिकतंय. लाइट गेली तरी टिकतंय. कंपनीनं कुठं काही कळवलं नाही, पण केलं हे चांगलं केलं, माझं मत दोन पायऱ्या वर गेलं.

आता उरली एक खुसपट. एचडी चॅनलचा आवाज बारीक आणि साध्या चॅनलचा मोठा. बातम्यांवर गेलं की टीव्ही ओरडतो. डॉल्बीत संवादाची पातळी सांगणारा एक आकडा सोबत येतो आणि उलगडणारा बॉक्स त्यानुसार आवाज खाली घेतो. साध्या चॅनलला तो लगाम नाही. काही बॉक्सच्या मेनूत लाइन मोड आणि आरएफ मोड असा पर्याय असतो. आरएफला संवादाची पातळी 11 डेसिबलनं वर येते आणि मोठ्या-बारीक आवाजातला फरक दाबला जातो. जुन्या टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरला हाच बरा. साउंडबार असेल तर मात्र लाइनवरच ठेवा. आमच्या बॉक्समध्ये हा पर्याय आवाजाच्या मेनूत नाहीच, 'इतर' नावाच्या कोपऱ्यात घातलाय. का, ते बनवणारा जाणे.

कार्टून एकदम तमिळमध्ये बोलायला लागलं तर घाबरू नका, रिमोटवरचं भाषेचं बटण नातवंडांच्या हाताखाली आलेलं असतं. आवाज तुटक येत असेल आणि सोबत चित्रात चौकोन पडत असतील तर मेनूत वेळ घालवू नका, तो सिग्नलचा मामला. आमच्याकडे पावसात गच्चीवरच्या स्प्लिटरमध्ये, म्हणजे केबलला फाटे फोडणाऱ्या डबीत, पाणी गेलं होतं. ते काम त्याच केबलच्या मुलानं भर पावसात वर चढून केलं, नवीन कनेक्टर मारला, काळी टेप गुंडाळली, एक रुपया मागितला नाही. चहा मात्र घेतला. सिग्नलमध्ये पोरगा हुशार आहे. त्याला आवाजाचा मेनू कुणी शिकवलेलाच नाही.

घ्यावा का? केबलच घ्यायची असेल तर घ्या, पण बसवायला आलेला माणूस जायच्या आत त्याच्यासमोर मेन स्विच बंद-चालू करा, टीव्ही लावा आणि एचडी चॅनल ऐकून बघा. सही मग करा.

ते वायरचे 250 रुपये पुढच्या बिलात वळते करतो असं ऑपरेटर दिवाळीपासून म्हणतोय. या महिन्यात वसुलीला आला की मी तेवढे कापूनच हातात देणार आहे.