फेटचं 'प्रोजेक्टाइल मोशन' सिम्युलेशन: अकरावीची गणितं तपासायला वर्षभर वापरल्यावर

आधी मत सांगते. हे सिम्युलेशन प्रक्षेप्य गतीची, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीची, गणितं सोडवायला शिकवत नाही. वहीत सोडवलेलं गणित नेमकं कुठल्या ओळीत बिघडलं, ते मात्र फार चोख दाखवतं. त्यामुळे उत्तर वहीत काढायच्या आधीच सिम्युलेशनमधली तोफ डागली तर हाती काहीच लागत नाही. आधी गणित, मग तोफ, हा क्रम पाळणाऱ्या मुलांना याच्याइतकं उपयोगी फुकट साधन दुसरं नाही.

फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा, बोल्डरचा प्रकल्प. २००१ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. सिम्युलेशन ब्राउझरमध्ये चालतं, खातं उघडावं लागत नाही. आत चार भाग आहेत: इंट्रो, व्हेक्टर्स, ड्रॅग आणि लॅब. गणितं तपासायला लॅब आणि वेग-त्वरणाचे बाण समजायला व्हेक्टर्स, एवढे दोन पुरतात. तोफेची उंची ० ते १५ मीटर, वेग ० ते ३० मीटर प्रति सेकंद आणि कोन ५ अंशांच्या पायऱ्यांनी बदलता येतो. एक मोजपट्टी आहे. शिवाय वाटेवरच्या ठिपक्यांवर धरलं की काळ, आडवं अंतर आणि उंची सांगणारा एक वाचक आहे. अभ्यासाचं खरं काम या वाचकाचं.

पहिल्याच गणिताला बहुतेकांचं उत्तर जुळत नाही. १० मीटर उंचीवरून आडव्या दिशेत १५ मीटर प्रति सेकंद वेगाने फेकलं, तर जी (गुरुत्वीय त्वरण) १० धरून उत्तर येतं १.४१ सेकंद आणि २१.२१ मीटर. सिम्युलेशन दाखवतं १.४३ सेकंद आणि २१.४२ मीटर, कारण तिथे जी ९.८१ आहे. पद्धत बरोबर असूनही मुलं ती खोडून टाकतात, हे मोठं नुकसान. म्हणून लॅबमध्ये गेल्यावर सगळ्यात आधी गुरुत्वाची सरकपट्टी गणितात दिलेल्या किमतीवर आणावी. हवेच्या रोधाची खूण काढलेली आहे ना, तेही तेव्हाच बघून घ्यावं.

आता ज्या गणिताने या साधनाची खरी किंमत कळते, ते घेऊ. उंची १५ मीटर, वेग २०, कोन आडव्याशी ३०°, जी ९.८१. वहीत पानाचे दोन रकाने करायचे, डावीकडे आडवी गती आणि उजवीकडे उभी. डाव्या रकान्यात त्वरण शून्य, वेग २० × कॉस ३० म्हणजे १७.३२. उजव्या रकान्यात वरची दिशा धन ठरवायची आणि ती वर ठळक लिहायची. मग प्रारंभिक वेग +१०, त्वरण −९.८१, विस्थापन −१५. काळ हा एकच आकडा दोन्ही रकान्यांत समान असतो. तो उजवीकडे काढायचा आणि डावीकडे वापरायचा. −१५ = १० टी − ४.९०५ टी² हे वर्गसमीकरण सोडवलं की टी = ३.०४ सेकंद. त्याला १७.३२ ने गुणलं की पल्ला ५२.७२ मीटर. (मधला काळ वहीत ३.०४ लिहिला तरी गुणताना ३.०४३५ धरायचा, नाहीतर शेवटच्या दोन आकड्यांत फरक पडतो.)

इथे चुका ठरावीक असतात आणि प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं येतं, म्हणून आकड्यावरून निदान करता येतं. पल्ला ३५.३१ आला असेल तर पाठ केलेलं सूत्र, वेगाचा वर्ग गुणिले साइन २θ भागिले जी, जसंच्या तसं वापरलेलं आहे. ते सूत्र निघण्याची आणि पडण्याची पातळी एकच असेल तेव्हाच चालतं, आणि इथे १५ मीटरचा फरक आहे. काळ १.०० च्या आसपास आला असेल तर प्रारंभिक वेगाचं चिन्ह चुकलंय किंवा वर्गसमीकरणाचं ऋण मूळ चिन्ह पुसून उचललंय. पल्ला ४२.५ च्या आसपास आला तर साइन आणि कॉस यांची अदलाबदल झाली असण्याची दाट शक्यता आहे. कोन उभ्या रेषेशी दिला असेल तेव्हा ही हमखास होते. आणि कुठलाच आकडा ओळखीचा वाटत नसेल तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे का ते बघावं.

त्या ऋण मुळाकडे, −१.०० सेकंदाकडे, जरा थांबून बघण्यासारखं आहे. ते टाकाऊ नाही. हाच मार्ग मागे वाढवला तर वस्तू तोफेपाशी यायच्या १.०० सेकंद आधी जमिनीवर असती, असं ते सांगतं. सिम्युलेशन हा मागचा भाग काढत नाही, तो आलेखाच्या कागदावर आपणच काढायचा. एकदा काढला की 'ऋण काळ सोडून द्या' ही सूचना घोकायची वेळ येत नाही.

४५° ला पल्ला सर्वांत जास्त, ही समजूत मोडायला हीच मांडणी ठेवा आणि फक्त कोन बदला. ३०° ला ५२.७२, ३५° ला ५३.६२, ४०° ला ५३.५६ आणि ४५° ला ५२.४४ मीटर. म्हणजे १५ मीटर उंचीवरून ४५° चा मारा ३०° पेक्षाही कमी पडतो. सर्वोत्तम कोन साधारण ३७.२° येतो. उंची शून्यावर आणली की ४५° पुन्हा पहिला, आणि ३०° व ६०° दोघांचा पल्ला ३५.३१ मीटर. काळ मात्र २.०४ आणि ३.५३ सेकंद. पल्ला सारखा म्हणजे काळही सारखा, असं धरून चालणाऱ्यांची इथे चांगली तपासणी होते.

माझ्या मते या साधनाचा सगळ्यात मोलाचा प्रयोग वेगळाच आहे, आणि तो कुठल्या कार्यपत्रिकेत सहसा दिसत नाही. १५ मीटर उंचीवरून आधी ३०° आणि २० चा वेग ठेवून डागा. मग कोन ९०° करा, वेग १० करा आणि पुन्हा डागा. दुसरी वस्तू सरळ वर जाऊन खाली येते. दोघींचा काळ ३.०४ सेकंद, दोघींची कमाल उंची २०.१० मीटर. एकसमान त्वरणाचं साधं एकमितीय गणित आणि प्रक्षेप्याचं 'अवघड' गणित, दोघांचा उजवा रकाना अक्षरशः एकच आहे. ज्याला उभ्या फेकीची गणितं येतात त्याला प्रक्षेप्याचं गणित आधीच येत असतं, वर फक्त एक गुणाकार लागतो.

ठिपक्यांचाही असाच उपयोग करून घ्या. ते ०.१ सेकंदाच्या अंतराने पडतात. आडव्या दिशेत दर ठिपक्याला १.७३ मीटर, शेवटपर्यंत तेवढेच. उभ्या दिशेत उंची वाचा: १५, १५.९५, १६.८०, १७.५६, १८.२२. लागोपाठच्या उंचींतला फरक ०.९५, ०.८५, ०.७६, ०.६६. म्हणजे दर वेळी सुमारे ०.१० ने कमी. ही घट म्हणजे जी गुणिले ०.१ चा वर्ग, ०.०९८१. वाचन दोन दशांशांपर्यंतच असल्याने ती कधी ०.०९ तर कधी ०.१० दिसते, तेवढ्याने घाबरू नये. त्वरण एकसमान आहे हे वाक्य पुस्तकात वाचणं आणि ते वजाबाकीतून आपल्या हाताने निघणं यात पुष्कळ अंतर आहे.

व्हेक्टर्स भागात वेगाचे घटक आणि त्वरण यांचे बाण चालू करून शिखराजवळ गती थांबवावी. वेगाचा उभा बाण नाहीसा होतो, आडवा १७.३२ चा तसाच राहतो, आणि त्वरणाचा बाण पूर्ण लांबीचा खालीच असतो. 'शिखरावर त्वरण शून्य' हे उत्तर दरवर्षी कुणीतरी लिहितंच, त्यावर हा उतारा चांगला. दुसरी जुनी चूक म्हणजे जमिनीवर पडल्यावर वस्तू थांबते म्हणून अंतिम वेग शून्य लिहिणं. आपली समीकरणं जमिनीला टेकण्याच्या क्षणापर्यंतच लागू आहेत आणि त्या क्षणी उभा वेग −१९.८६, एकूण २६.३५ असतो. बाणांवर आकडे येत नाहीत, ही मात्र या भागातली उणीव. लांबीवरून अंदाज करावा लागतो, किंमत वहीतच काढावी लागते.

ड्रॅग भाग बघायला सुंदर आहे, पण अकरावीच्या गणितांसाठी तो बाजूला ठेवावा. रोध असला की त्वरण एकसमान राहत नाही, मार्ग उतरताना जास्त उभा होतो, वस्तुमानाने फरक पडायला लागतो, आणि एकसमान त्वरणाची आपली तिन्ही समीकरणं गैरलागू ठरतात. ती का आणि कधी लागू असतात हे पक्कं झाल्यावर तिथे जावं.

आता जे खटकतं ते. कोन ५ अंशांनीच बदलतो. आपल्या प्रवेश परीक्षांच्या सरावात ३७° आणि ५३° चा सुळसुळाट असतो, कारण त्यांचे साइन-कॉस ०.६ आणि ०.८ धरता येतात. ते कोन इथे लावताच येत नाहीत. गुरुत्वाची पट्टी ५ ते २० मध्येच फिरते, त्यामुळे चंद्राचं १.६२ आणि मंगळाचं ३.७ दोन्ही बाहेर. उतारावर फेकलेली वस्तू, धावत्या गाडीतून टाकलेला चेंडू, एकाच वेळी निघालेल्या दोन वस्तूंची भेट, यांतलं काहीही इथे तपासता येत नाही. निशाण लावून खेळायला मजा येते, पण त्याला रुंदी आहे. वरच्या उदाहरणात जी १० धरून काढलेलं २१.२१ सुद्धा त्यावर बसतं, म्हणून निशाण लागलं म्हणजे उत्तर बरोबर असं मानू नये. उत्तर वाचकावरच जुळवावं. आणि मोबाइलच्या लहान पडद्यावर वाचक ठिपक्यावर नेमका बसवणं त्रासाचं आहे. फोन आडवा धरून चित्र मोठं केलं तरच जमतं, संगणक असेल तर तोच वापरावा.

वापरायचा क्रम असा ठेवावा: दोन रकाने, दिशा, चिन्हं, काळ, पल्ला, कमाल उंची, हे सगळं शाईने लिहून झाल्यावर एकच मारा. जुळलं नाही तर तोफेला हात न लावता आधी उजवा रकाना तपासायचा, कारण बहुतेक बिघाड तिथेच असतो. सीईटी आणि नीटमध्ये कॅल्क्युलेटर मिळत नाही, त्यामुळे परीक्षेआधीच्या महिन्यांत जी १० वर ठेवून ३०°, ४५°, ६०° एवढ्याच कोनांवर तोंडी अंदाज करावा आणि तो दोन टक्क्यांत येतो का ते बघावं.

नेट खात्रीचं नसेल तर सिम्युलेशनची फाइल एकदा उतरवून घेता येते. ती पेनड्राइव्हवरून कुठल्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते, आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर हाच मार्ग सोयीचा पडतो.