एएनएम, जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? पुढची पस्तीस वर्षं डोळ्यांपुढे ठेवून

बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "सिस्टर, मुलीला एएनएमला घालू, जीएनएमला की बीएस्सीला?" (एएनएम म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका, जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, आणि बीएस्सी ही नर्सिंगची पदवी.) आणि लगेच, "लवकर नोकरी कशात लागेल?" वॉर्डात आणि वर्गात मिळून माझं सगळं आयुष्य गेलं, म्हणून सांगते: पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यावरून काढू नका. आज अठराची असलेली मुलगी 2060 सालीही ड्यूटीवर असेल. तेव्हा तिच्यासमोर पेशंट कोण असेल, ते आधी बघा.

भारतात 2050 पर्यंत दर पाच माणसांमागे एक साठीच्या पुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या सरासरीच्या पुढेच आहे. बाळंतपणं दवाखान्यात आली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातलं प्रमाण 94.7 टक्के होतं. आता खाटेवर दिसतात ते शुगर, बीपी, डायलिसिस, लकवा, कॅन्सर. महिनोन्महिने चालणारं आजारपण. त्याला हात लागतात, तसं डोकंही लागतं.

एएनएम दोन वर्षांचा कोर्स. बारावी कुठल्याही शाखेची चालते, प्रवेश फक्त मुलींना. काम मुख्यतः गावपातळीच्या सरकारी आरोग्य उपकेंद्राचं: सपाटीवर 5,000 आणि आदिवासी-डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, आणि आता तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर. गावाला खरी गरज हिचीच, आणि गावातच राहायचं असेल, घर जास्त वर्षं थांबू शकत नसेल, तर हा निर्णय चुकीचा नाही. पण शिडी आखूड आहे. एएनएमनंतर जीएनएम करायचं म्हटलं तर पुन्हा पूर्ण तीन वर्षं, म्हणजे एकूण पाच. जिल्हा परिषदेची भरती दरवर्षी निघत नाही, आणि मधल्या काळात खासगी दवाखाना एएनएमकडून स्टाफ नर्सचं काम करून घेतो, पगार मात्र एएनएमचाही धड देत नाही. हे मी इतक्या मुलींच्या बाबतीत पाहिलंय की आता राग लपवत नाही.

खरी तुलना जीएनएम आणि बीएस्सीची. जीएनएम तीन वर्षं. कला-वाणिज्यवाल्यांनाही दार उघडं, इंग्रजीसह 40 टक्के पुरतात. बीएस्सी चार वर्षं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या गटाला 45 टक्के, राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. फरक एका वर्षाचा वाटतो. पहिल्या सहा महिन्यांत वॉर्डात तो उलटाही दिसतो: गर्दीच्या जिल्हा रुग्णालयात शिकलेल्या जीएनएम मुलीचा हात सलाईन लावताना पदवीवालीपेक्षा स्थिर असतो. दोन वर्षांनी कोण कुठली, ते मलाही ओळखता येत नाही.

फरक पुढे पडतो. केंद्र सरकारच्या एम्स रुग्णालयांच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत बीएस्सीवाली थेट बसते; जीएनएमवालीला किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पद तेच, मूळ पगार तोच, 44,900. म्हणजे दार बंद नाही, थोडं उशिरा उघडतं. (मुलग्यांनी लक्षात ठेवावं: तिथे 80 टक्के जागा महिलांना आहेत.) एमएस्सी, क्रिटिकल केअर म्हणजे आयसीयूतल्या कामाचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स, कॉलेजात शिकवणं, या सगळ्याला पदवी लागते. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांची आहे. तीन आणि दोन पाच, तेही नोकरी सोडून. लग्न, मूल, घरचा हप्ता सुरू झाल्यावर ती दोन वर्षं किती जणींना मिळतात? ज्यांना मिळाली त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

वाराही पदवीकडे आहे. केंद्राने 2023 मध्ये 157 नवी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, वर्षाला सुमारे 15,700 पदवीधर. त्यांना शिकवणार कोण? एमएस्सी झालेल्या सिस्टर लागणार, आणि आज त्याच कमी आहेत. त्याच वर्षी 1947 च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा आला. मात्र जीएनएम बंद होणार, या जुन्या चर्चेला घाबरू नका. तशी घोषणा झाली होती आणि लांबणीवरही पडली. परदेशाचं म्हणाल तर जर्मनीत दोन्ही चालतात, अडतं ते भाषेवर. तिथे नोंदणीसाठी साधारण बी-2, म्हणजे कामकाज सहज करता येईल इतक्या पातळीची जर्मन लागते.

म्हणून माझं मत: विज्ञान घेतलेलं असेल आणि घर चार वर्षं पेलू शकत असेल, तर बीएस्सी. कला-वाणिज्य असेल, किंवा तीन वर्षांनी कमावणं भागच असेल, तर जीएनएम. पण सरकारी किंवा भरपूर खाटांच्या संस्थेत, आणि पोस्ट बेसिकचं साल आजच वहीत लिहून. खासगीत पगार ठरवताना एवढं माहीत असू द्या की 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 50 खाटांखालच्या दवाखान्यातही 20,000 पेक्षा कमी नको, अशी शिफारस केली होती.

आणि कोर्सइतकंच कॉलेज बघा. नियम एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंटचा आहे. एका ठिकाणी तपासणीच्या दिवशी खाटा भरायला बाहेरून माणसं आणून झोपवलेली मी पाहिली आहेत. तिथल्या मुलींनी तीन वर्षांत एकही बाळंतपण स्वतः केलं नव्हतं. माहितीपत्रकातल्या इमारतीचा फोटो बघून फी भरू नका. दुपारी दोनला शिफ्ट बदलते तेव्हा रुग्णालयाच्या दारात उभं राहा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलीला विचारा: आज वॉर्डात किती पेशंट होते? कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, स्वतः किती घातल्या? रात्रपाळीला सोबत सिस्टर असते का?