रस्ते तपासणीची उन्हाळी इंटर्नशिप: साइट उत्तम, मार्गदर्शन जेमतेम

सिव्हिलचे तिसरे वर्ष संपले की बहुतेकांचा ओढा डिझाइन ऑफिसकडे असतो. तिथे एसी असतो आणि बायोडेटात एखाद्या सॉफ्टवेअरचे नाव लिहिता येते. मी मात्र सोलापूर जिल्ह्यातील एका राज्यमार्गाच्या रुंदीकरणावर, कंत्राटदाराच्या कामाची तपासणी करणाऱ्या सल्लागार कंपनीत इंटर्नशिप केली. रस्त्याच्या कामाची खरी ओळख करून घ्यायची असेल तर ही बाजू निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र कंपनीकडून शिकवले जाण्याची अपेक्षा ठेवून जाऊ नये.

तपासणीचे सारे काम आरएफआय (रिक्वेस्ट फॉर इन्स्पेक्शन) या एका कागदाभोवती फिरते. एखादा थर तयार झाला की कंत्राटदार तपासणीची विनंती देतो, सल्लागाराचा फील्ड इंजिनिअर लेव्हल, जाडी आणि घनता पाहतो आणि त्याची सही झाल्यावरच पुढचा थर टाकता येतो. सोलापूरकडच्या काळ्या मातीत हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण ज्या मातीचा मुक्त फुगवटा निर्देशांक (पाण्यात माती किती फुगते याचे माप) 50 टक्क्यांपेक्षा जास्त आहे ती भरावात चालत नाही, ती काढून मुरूम भरावा लागतो, आणि एकदा वर जीएसबी (खडी-मुरमाचा खालचा थर) पसरली की खाली काय भरले आहे हे पाहायला कोणी रस्ता उकरत नाही.

या इंटर्नशिपमधील सर्वात मोलाचा भाग म्हणजे सँड रिप्लेसमेंट चाचणी, म्हणजे खड्ड्यात मावणाऱ्या वाळूवरून त्याचे आकारमान आणि त्यावरून थराची घनता काढण्याची पद्धत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती अर्ध्या तासात उरकली जाते. साइटवर ती संयमाची परीक्षा असते. वेट मिक्सच्या (पाणी घालून मिसळलेल्या खडी-कचीच्या) दाबलेल्या थरावर ट्रे ठेवून 200 मिलिमीटर व्यासाचा खड्डा छिन्नी-हातोडीने काढायचा, निघालेली खडी-कच एक दाणाही न सांडता पिशवीत भरून तोंड बांधायचे, कारण मेच्या उन्हात ओलावा भराभर उडतो, आणि मग सिलिंडर ठेवून वाळू सोडायची. वाळू उतरत असताना शेजारचा व्हायब्रेटरी रोलर थांबवावा लागतो. हादऱ्यांनी खड्ड्यातील वाळू दबून बसते, जास्त वाळू मावते, खड्ड्याचे आकारमान प्रत्यक्षाहून मोठे निघते आणि घनता कमी दिसते. म्हणजे रोलर थांबवण्यात कंत्राटदाराचेच हित असते, तरीही दर वेळी त्यासाठी हुज्जत घालावी लागते.

ओलावा मोजण्यासाठी साइटवर कॅल्शियम कार्बाइडचे रॅपिड मॉइश्चर मीटर वापरतात. त्याचा काटा ओल्या वजनावर आधारित टक्केवारी दाखवतो, तर हिशेबाला कोरड्या वजनावरची लागते. काटा 5.5 दाखवत असेल तर खरा आकडा 5.82 असतो. फरक क्षुल्लक वाटेल, पण ओली घनता 2.39 आणि प्रयोगशाळेतील कमाल कोरडी घनता 2.31 असेल, तर थेट काट्याचा आकडा घेतल्यास दाबणी (कमाल घनतेच्या तुलनेत थराची कोरडी घनता) 98.1 टक्के येते आणि योग्य रूपांतर केल्यास 97.8. वेट मिक्सला किमान 98 टक्के हवेत. पहिल्या हिशेबाने थर पास, दुसऱ्याने नापास! आमच्या साइटवरील छापील तक्त्यात या रूपांतराचा रकानाच नव्हता. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की तक्ता हेड ऑफिसकडून आला आहे. नंतर रकाना वाढवण्यात आला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे, पण आधीच्या नोंदींचे पुढे काय झाले हे इंटर्नला सांगण्याची पद्धत तिथे नव्हती.

डांबरी कामावर इंटर्नच्या हाती तापमापी दिली जाते आणि ते काम हलके समजले जाते. ते तसे नाही. व्हीजी-30 या प्रतीच्या डांबराचे मिश्रण पेव्हरमधून (थर पसरणाऱ्या यंत्रातून) पसरताना किमान 140 अंश सेल्सिअस हवे आणि 90 अंशांखाली जाण्यापूर्वी रोलिंग पूर्ण झाले पाहिजे. इन्फ्रारेड गन केवळ पृष्ठभागाचे तापमान सांगते, म्हणून डंपरच्या मिश्रणात दांडीचा तापमापी खोचूनच नोंद घ्यावी. प्लांट दूर असला आणि ताडपत्री नीट बांधलेली नसली की वरचा पापुद्रा थंड होतो, आणि एवढा माल परत पाठवायचा की नाही हा प्रश्न उभा राहतो. ते धाडस इंटर्नकडून कोणी अपेक्षित करत नाही, पण सीनियर इंजिनिअर त्या क्षणी काय करतो हे पाहण्यासारखे असते.

आता उणिवा. मार्गदर्शक म्हणून नेमलेले अभियंते सज्जन, पण बिलांच्या घाईत अडकलेले. परिणामी दुपारनंतरचा वेळ आरएफआयच्या फायली लावण्यात आणि फोटोंवर चेनेज (रस्त्यावरील ठिकाणाचे अंतर) लिहिण्यात जातो. मानधन नाही, कॅम्पवर राहण्या-जेवण्याची सोय आहे आणि ती बरी आहे. हेल्मेट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट मिळते, सेफ्टी शूज स्वतःचे न्यावे लागतात. वाहतूक चालू ठेवून काम होत असल्याने अपघात विम्याबद्दल रुजू होण्यापूर्वीच लेखी विचारणा करावी. मुलींसाठी स्वच्छतागृह फक्त कॅम्पवर आहे, आणि काम कॅम्पपासून बरेच पुढे सरकलेले असते. गाडी सोडण्याची व्यवस्था फोन केल्यावर होते, म्हणजे होतेच असे नाही. गुणवत्तेबद्दल सकाळ-संध्याकाळ बोलणाऱ्या कंपनीला ही साधी सोय सुचू नये, याचे नवल वाटते.

जाण्यापूर्वी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशन्सच्या 2013 च्या पाचव्या आवृत्तीतील मातीकाम, बेस आणि डांबरी कामाची प्रकरणे वाचून जावीत. प्रश्न घेऊन गेलेल्याला तिथले मुकादम आणि लॅब टेक्निशियन भरभरून सांगतात. गप्प बसणाऱ्याला फायलीच मिळतात. अर्ज मार्चमध्येच करावा. पावसाची चाहूल लागली की डांबरी काम थांबते, त्यामुळे ज्यांची विद्यापीठाची परीक्षा जूनपर्यंत लांबते त्यांच्या वाट्याला मोऱ्यांचे काँक्रीट आणि क्यूब टेस्टच्या (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासण्याच्या) नोंदी येतील. अशांनी ही इंटर्नशिप डिसेंबरच्या सुट्टीत मिळते का, हे कॉलेजमार्फत विचारावे.