शाळेचा अरुंद रस्ता: एकेरी करावा की शाळेच्या वेळेत बंद ठेवावा?

साडेपाच-सहा मीटर रुंदीच्या गल्लीत शाळा असेल, तर रहिवाशांच्या बैठकीत चर्चेअंती दोनच पर्याय टिकतात. रस्ता कायमचा एकेरी करायचा, किंवा शाळा भरताना आणि सुटताना तेवढ्यापुरता वाहनांना बंद ठेवायचा. गतिरोधकाची मागणी सगळ्यांत आधी येते, पण तो वेगळ्या दुखण्यावरचा इलाज आहे. शाळा सुटते त्या वेळी गाड्या ताशी १० किलोमीटरनेही सरकत नसतात. दिवसाच्या उरलेल्या वेळी कोणी भरधाव जात असेल, तर ३.७ मीटर लांब आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच असा गोलसर गतिरोधक घ्या. अर्धा मीटर लांबीचा टोकदार उंचवटा दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाला उडवतो. शिवाय तो चुकवायला चालक रस्त्याच्या कडेने, म्हणजे मुले चालतात नेमके तिथूनच, गाडी काढतो.

आम्ही दोन्ही बाजू तोलून बंदीकडे वळलो. तरी एकेरीची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण काही रस्त्यांना तीच मानवते.

गाडी आरशांसकट साधारण २ मीटर जागा घेते. कडेला एक उभी असली की साडेपाचातले साडेतीन मीटर उरतात. त्यात दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावेच लागते, आणि तोवर तिच्या मागे आणखी तीन येऊन थांबलेल्या असतात. एकेरी केल्याने हा अडसर त्या दिवसापासून मिटतो. त्याहून मोठा लाभ रुंदीचा आहे. साडेतीन मीटरची एकच मार्गिका ठेवली, तर २ मीटर पदपथाला मिळतात. मोठे माणूस मुलाचा हात धरून चालत असताना समोरून येणाऱ्यालाही त्यात वाट मिळते.

मात्र ही जागा एकेरीच्या पहिल्याच दिवशी खांब किंवा जड कुंड्या लावून अडवायला हवी. पदपथ पुढच्या वर्षी करू असे म्हणत रस्ता मोकळा सोडला, तर दुपारच्या निवांत वेळी वेग वाढतो, कारण समोरून कोणी येणार नाही याची चालकाला खात्री असते. ताशी ३० किलोमीटर वेगात, धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटर लागतात. ताशी ५० ला तेच अंतर २८ मीटरच्या आसपास जाते.

दुसरी अडचण हिशेबाची. एका गाडीला मूल, दप्तर, डबा उतरवायला ४५ सेकंद लागतात असे धरू. उतरवण्याची जागा एकच असेल, तर १५ मिनिटांत २० गाड्या होतात. पाच जागा आखल्या तर कागदावर १०० होतात, प्रत्यक्षात बऱ्याच कमी, कारण पुढच्या जागा रिकाम्या असूनही प्रत्येकाला फाटकासमोरच थांबायचे असते. ताटकळलेली प्रत्येक गाडी मधल्या अंतरासह ६ मीटर जागा व्यापते. वीस गाड्यांची रांग म्हणजे १२० मीटर, आणि बहुतेक गल्ल्यांत एवढ्याने ती मुख्य रस्त्यावर पोचते. गल्लीतली कोंडी चौकात येते, एवढाच काय तो फरक.

हे सगळे सोसता आले असते. माझे मत फिरले ते एकाच गोष्टीने: रिव्हर्स येणाऱ्या गाड्या.

एकेरी रस्त्यावर फाटक ओलांडून पंधरा मीटर पुढे गेलेल्या पालकाला नियमाने पूर्ण वळसा घ्यावा लागतो. तो अर्ध्या-पाऊण किलोमीटरचा असतो. रिव्हर्स घ्यायला दहा सेकंद पुरतात, त्यामुळे वळसा कोणी घेत नाही. आणि गाडीचे तोंड योग्य दिशेलाच असल्याने आपण उलटे चाललो आहोत असे त्यालाही वाटत नाही. पहिलीतल्या मुलाची उंची ११५ सेंटिमीटरच्या आसपास असते. मागच्या काचेची खालची कड जमिनीपासून साधारण मीटरभर, व्हॅनची बरेचदा त्याहून वर. गाडीच्या अगदी मागे उभे असलेले मूल आरशात येत नाही. कॅमेरा थेट मागचे दाखवतो, पण दोन गाड्यांच्या फटीतून धावत आलेले मूल त्यात शेवटच्या क्षणी दिसते. त्यात एकेरी रस्त्यावर मुलांना एकाच बाजूला बघायची सवय लागते आणि रिव्हर्सची गाडी येते नेमकी दुसऱ्या बाजूने. दुहेरी रस्त्यावर मूल निदान दोन्हीकडे बघते. याची आकडेवारी माझ्याकडे नाही, फाटकाशी उभे राहिले की दिसते ते सांगतो आहे. तुमच्या रस्त्यावर कदाचित वेगळे दिसेल.

शाळेच्या वेळेपुरती बंदी ही कल्पना जुनी आहे. इटलीतल्या बोल्झानो शहराने १९८९ मध्ये ती सुरू केली. पुढे लंडन, पॅरिससारख्या शहरांनीही अनेक शाळांसमोर ती राबवली. बंदीच्या काळात त्या टप्प्यात रिव्हर्स येणारी गाडी नसते, कारण गाडीच नसते. याची किंमत रोजच्या मनुष्यबळाची आहे, आणि ती कमी लेखू नये.

सर्वाधिक चूक वेळेत होते. शाळा भरताना अर्धा तास आधीपासून दहा मिनिटे नंतरपर्यंत बंदी पुरते. सुटताना मात्र घंटेच्या दहा मिनिटे आधी अडथळा लावून काही साधत नाही. न्यायला आलेले पालक वीस मिनिटे आधीच आत येऊन थांबलेले असतात आणि मुले बाहेर पडली की त्यांच्याच गर्दीतून गाड्या काढतात. म्हणून दुपारी किमान पंचवीस मिनिटे आधी रस्ता बंद करावा आणि अडथळा लावल्यावर एकाने आतून फेरी मारून थांबलेल्या गाड्या बाहेर काढाव्यात. आतल्या रहिवाशाला निघायचेच असेल, तर एक स्वयंसेवक गाडीपुढे चालतो आणि गाडी त्याच्या चालीने येते.

अडथळा एकट्या माणसाला दहा सेकंदांत हलवता यावा: चाकांचा किंवा उचलून ठेवण्याजोगा. कुलूप नको. अग्निशमनाच्या गाडीसाठी साडेतीन मीटर तत्काळ मोकळे झालेच पाहिजेत. चाकाची खुर्ची जाण्यासाठी ९० सेंटिमीटरची फट ठेवावी लागते आणि दुचाकी त्यातून आरामात निघते. फट अरुंद करून हा प्रश्न सुटत नाही, तिथे माणूसच उभा राहिला पाहिजे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे प्रत्येक टोकाला दोघे, परावर्तक जाकिटात. पुढे एकेक पुरतो. अपंग मुलाची गाडी फाटकापर्यंत जाऊ द्यावी.

सूचनाफलक अडथळ्यापाशीच लावला, तर चालक तिथे येऊन थबकतो आणि वळवायला रिव्हर्स घेतो. म्हणजे ज्याच्यापासून सुटका हवी होती तेच शंभर मीटर पलीकडे सुरू होते. फलक आधीच्या चौकात हवा, जिथून अजून दुसरीकडे वळता येते. त्यावर बंदीच्या वेळा मोठ्या आकड्यांत असाव्यात.

मुले उतरवायला पर्यायी जागा एक नको, तीन-चार हव्यात, वेगवेगळ्या दिशांना, २०० ते ३०० मीटरवर. लहान मुलासह ३०० मीटर चालायला पाचेक मिनिटे लागतात. एकच जागा दिली की कोंडी उचलून शेजारच्या गल्लीत ठेवल्यासारखे होते, आणि तिथल्या रहिवाशांचा विरोध मग रास्तच असतो. मोठ्या बसने मुख्य रस्त्यावरच थांबावे.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या: वाहन अडवण्याचा अधिकार रहिवाशांना नसतो. वाहतूक पोलीस आणि स्थानिक प्रशासनाचा लेखी आदेश हाती आल्याशिवाय एकही दिवस अडथळा लावू नका. आधी मर्यादित मुदतीचा प्रायोगिक आदेश मागणे सोपे जाते. हट्टाने शिरणाऱ्याशी हुज्जत नको. क्रमांक टिपून घ्यावा.

ठरवण्यापूर्वी तीन साधे कामकाजाचे दिवस मोजणी करा. पाच-पाच मिनिटांच्या रकान्यांत थांबलेल्या गाड्या, दुचाकी, पायी येणारे आणि रिव्हर्सच्या घटना वेगवेगळ्या लिहा. दोन्ही टोकांना एकेकाने गाड्यांचे शेवटचे चार अंक वेळेसह टिपले की आरपार जाणारे कोण ते कळते: एका टोकाला दिसलेला क्रमांक दोन मिनिटांत दुसऱ्या टोकाला दिसला, तर त्याचे शाळेत काम नव्हते. अशा गाड्या निम्म्याहून अधिक निघाल्या, तर बंदीचा परिणाम पहिल्याच दिवशी दिसतो. बहुतेक गाड्या शाळेच्याच असतील, तर आधी उतरवण्याच्या जागा नक्की करा, अडथळा त्यानंतर.

गल्ली एका टोकाला बंद असेल तर एकेरीचा प्रश्नच नाही. उलट रस्त्यावरून प्रवासी बस जात असेल, आत रुग्णालय असेल, शाळा दोन पाळ्यांत भरत असल्याने दिवसातून चार वेळा रस्ता बंद करावा लागत असेल, किंवा शाळेच्या प्रत्येक दिवशी उभी राहणारी माणसे मिळण्याची खात्री नसेल, तर एकेरीच घ्या. दिशा अशी निवडा की मूल फाटकाच्या बाजूलाच उतरेल. आणि थांबण्याच्या जागा फाटकाच्या पुढे आखा, अलीकडे नाही. मग फाटक ओलांडणे हीच योग्य कृती ठरते, मूल पदपथावरून थोडे मागे चालत येते आणि रिव्हर्स घेण्याचे एक मोठे कारण उरत नाही.